वाळ्याची ताटी आणि ओला वारा

राज्ये कशी मिळविली गेली आणि कशी लयास गेली, याचा इतिहास विपुल लिहिला गेला आहे; परंतु वैशाख-ज्येष्ठाची दुपार मनुष्याने घरात कशी काढली, याची दखल इतिहासकारांनी क्वचितच घेतली. छत्तीसगडच्या मैदानात मात्र हा प्रश्न नेहमीच जिवाशी निगडित राहिला आहे. रायपुरात मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो, आणि सूर्याने रोहिणी नक्षत्रात प्रवेश केल्यानंतरचे नऊ दिवस तेथे 'नवतपा' या नावाने ओळखले जातात.

१७४१ साली भास्करराम कोल्हटकरांची स्वारी या मुलखावर झाली. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. त्यांच्या मागोमाग मराठी कुटुंबेही येथे आली. त्या काळी घराचा थंडावा यंत्रात नव्हे, बांधणीत असे. मातीच्या जाड भिंती, कवेलूंचे छप्पर, शेणाने सारवलेली जमीन आणि ऊन चढण्यापूर्वी लावून घेतलेली दारे, एवढीच काय ती सामग्री.

यापलीकडचा उपाय होता वाळ्याच्या ताटीचा. अबुल फजलाने 'ऐने-अकबरी'त तिचे श्रेय अकबराला दिले आहे. पुढे सतराव्या शतकात फ्रेंच प्रवासी बर्निये याने दिल्लीतील श्रीमंतांच्या वाळ्याच्या खोल्यांचे वर्णन केले. तिच्यामागील तत्त्व माठातील पाण्याचेच आहे. एक लिटर पाण्याची वाफ होताना भोवतालची सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शोषली जाते. ओल्या मुळ्यांतून आत येणारा वारा ही उष्णता गमावून निवतो.

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि रायपूर इंग्रजी अमलाखाली आले. साहेबांच्या बंगल्यांतून ताटीच्या जोडीला छताचा झुलता पंखा आणि 'थर्मँटिडोट' नावाचे हाताने फिरवावयाचे लाकडी यंत्र आले. वारा नसला म्हणजे ताटी निरुपयोगी ठरते, हा दोष त्या यंत्राने दूर केला; पण त्याचा भार पडला तो मजुरावर. ताटीवर पाणी शिंपणारा आणि पंख्याची दोरी ओढणारा हे दोघेही उन्हाळ्यात बाहेर व्हरांड्यात बसत. डुलकी लागलेल्या पंखेवाल्याला मार खावा लागे, याचे दाखले त्या काळच्या लेखनात सापडतात. मध्य प्रांताचे वरिष्ठ अधिकारी उन्हाळ्यात पचमढीस जात. कारकून मात्र मैदानातच राही.

विजेने दोरी सुटली. पत्र्याची पेटी, तीन बाजूंस वाळ्याच्या किंवा लाकडाच्या बारीक कुरळ्या ढलप्यांच्या जाळ्या, खाली टाकी, पाणी चढविणारा लहान पंप आणि समोर पंखा, असा कूलर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मध्य भारताच्या खिडक्याखिडक्यांतून दिसू लागला. चौबे कॉलनीसारख्या वसाहतींत, जेथे रायपूरच्या महाराष्ट्र मंडळाचीही वास्तू आहे, मातीच्या भिंतींची जागा विटा-सिमेंटने घेतली होती. दिवसभर तापलेले सपाट छत रात्रीही उष्णता टाकीत राहते. म्हणून कूलर ही चैन न राहता गरज झाली.

या यंत्राविषयीची तक्रार पिढ्यान्‌पिढ्या एकच आहे : ते चालते, पण घर थंड होत नाही. तिची कारणे दोन प्रकारची असतात. काही यंत्रातली : पंपात गाळ अडकणे, जाळीवर क्षार साचून ती जागोजाग कोरडी राहणे. दुसरी घरातली व हवेतली. समोरची खिडकी बंद ठेवल्यास दमट हवेला वाट मिळत नाही आणि खोली कोंदट होते. हवा ४३ अंशांची व आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक २२ अंशांच्या आसपास उतरतो. आषाढात हवा ३० अंशांची व आर्द्रता ८५ टक्के असता तोच २८ च्या जवळ थांबतो. कूलर याच्या खाली हवा नेऊ शकत नाही. पाऊस सुरू होताच तो 'बिघडतो' असे वाटते. वस्तुतः बदललेली असते ती हवा. अशा वेळी पंप बंद करून नुसता पंखा चालविणेच शहाणपणाचे.

पाण्याची आणखी एक बाजू आहे. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडीही टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून नुसती न विसळता घासून कोरडी केली पाहिजे.

१९०२ साली विलिस कॅरियर याने ब्रुकलिनच्या छापखान्यासाठी आखलेल्या यंत्रातून वातानुकूलन जन्मास आले. त्याला दमटपणाची अडचण नाही. मात्र ते खोलीतील उष्णता बाहेरच्या गल्लीत टाकते. पंख्याची दोरी नाहीशी झाली, तरी एकाच्या गारव्यासाठी दुसऱ्याने ताप सोसण्याची रीत नाहीशी झालेली नाही. जाड भिंत, दारचे झाड आणि सावलीतले छत ही साधने मात्र आपला गारवा दुसऱ्याच्या दारातून आणीत नाहीत. थंडाव्याच्या या दीर्घ इतिहासात ती सर्वांत जुनी आहेत, आणि नव्या वसाहतींतून सर्वांत आधी हद्दपार झाली तीही तीच.