नगेट आले कुठून?

मैत्रिणींनो, कोंबड्या पाळणं आपल्याला जमतं, खपवणं अवघड जातं. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांचीही हीच अडचण होती. कॉर्नेल विद्यापीठाच्या रॉबर्ट बेकर यांनी १९६३ साली तोड काढली: खिम्यात मीठ आणि व्हिनेगर घालून तो चिकट केला, दुधाची पावडर नि धान्याचं पीठ मिसळलं, वरून अंडं आणि चुरा लावून गोठवला. पेटंट काही घेतलं नाही. १९८३ला मॅकडोनाल्ड्सने आपले नगेट अमेरिकाभर आणले.

पण पीठ-तेल वाढलं की प्रथिनं घटतात. शंभर ग्रॅम शिजवलेल्या कोंबडीच्या छातीत प्रथिनं सुमारे ३० ग्रॅम, तेवढ्याच नगेटात साधारण १५. म्हणून डोळखांबला आम्ही करतो तेव्हा नाचणीचं पीठ खिमा बांधण्यापुरतंच घेतो, आणि तव्यावर थोड्या तेलात आतपर्यंत शिजवतो. खिमा बॉयलरचाच. गावठी कोंबडीचा मात्र रस्साच करावा!