एका तेजोमेघाचे अंतर

पाठ्यपुस्तकातला विश्वाचा पाठ बहुधा उतरंडीसारखा रचलेला असतो. पृथ्वी सूर्यमालेत, सूर्यमाला आकाशगंगेत आणि आकाशगंगेसारख्या असंख्य दीर्घिका विश्वात. एक-दोन तासांत पाठ संपतो, मुले प्रकाशवर्षांचे आकडे पाठ करतात. हे आकडे कोणी आणि कसे मोजले, हे विचारायला त्या पाठात सहसा जागा नसते. पण उतरंडीतले शेवटचे वाक्य 1920 च्या दशकापर्यंत शास्त्रज्ञांमध्येही वादाचा विषय होते. तो वाद कसा मिटला, याचा इतिहास शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावा असे आम्हांला वाटते.

या इतिहासाच्या केंद्रस्थानी देवयानी तारकासमूहातला एक धुरकट ठिपका आहे. कार्तिक-मार्गशीर्षातल्या चांदणे नसलेल्या रात्री, गावाच्या दिव्यांपासून दूर गेल्यास तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांच्या चार ताऱ्यांचा मोठा चौकोन आधी शोधावा. त्याच्या ईशान्येकडच्या कोपऱ्यातून देवयानीच्या ताऱ्यांची रांग निघते. कोपऱ्यातला तारा सोडून रांगेतल्या दुसऱ्या ठळक ताऱ्यापाशी थांबावे आणि तेथून शर्मिष्ठेच्या दिशेला वळावे. दोन मंद तारे ओलांडले की तो ठिपका सापडतो. इराणमधील खगोलज्ञ अल् सूफी यांनी इ.स. 964 मध्ये 'लहानसा ढग' अशी त्याची नोंद केली होती. 1755 साली जर्मन तत्त्वज्ञ कांट यांनी तर्क मांडला की, असे ठिपके म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखेच दूरचे ताऱ्यांचे समुदाय असावेत. तर्क सुंदर होता, पण त्याला मोजमापाचा आधार नव्हता. ढग जवळचा व लहान आहे की दूरचा व प्रचंड, हे नुसते पाहून कळत नाही. अंतर कळल्याशिवाय आकार कळत नाही.

मोजपट्टी सापडली

जवळच्या ताऱ्यांची अंतरे पराशयाने, म्हणजे पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्याच्या जागेत भासणाऱ्या बदलावरून मोजता येत. पण ही पद्धत थोड्या अंतरानंतर निरुपयोगी ठरते. पुढची मोजपट्टी अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत सापडली. तेथे हेन्रिएटा लेव्हिट ताशी 30 सेंट मजुरीवर फोटोंच्या काचा तपासण्याचे काम करीत. या काचांमध्ये वेधशाळेच्या पेरू देशातील केंद्रातून घेतलेले, दक्षिण आकाशातल्या मॅगेलन मेघांचे फोटो होते. ज्यांचे तेज कमीजास्त होत राहते असे, म्हणजे रूपविकारी, तारे शोधणे हे त्यांचे काम. 1908 साली त्यांनी या मेघांमधल्या 1777 रूपविकारी ताऱ्यांची यादी प्रसिद्ध केली.

1912 साली त्यांनी लहान मेघातल्या 25 ताऱ्यांचा आलेख काढला. हे तारे 'सेफीड' जातीचे होते. वृषपर्वा तारकासमूहातल्या अशाच एका ताऱ्यावरून हे नाव पडले आहे. ज्या ताऱ्याचा आवर्तकाल जास्त, तो तारा जास्त तेजस्वी, असे आलेखावरून स्पष्ट दिसले. मेघातले सर्व तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत. तेव्हा दिसणाऱ्या तेजातला फरक हा मूळ तेजातलाच फरक असला पाहिजे. म्हणजे सेफीड ताऱ्याचे चक्र किती दिवसांचे हे मोजले की त्याचे मूळ तेज कळते.

येथे वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. पांढऱ्या कागदावर तेलाचा एक थेंब टाकून डाग पाडा. अंधाऱ्या खोलीत कागद उभा धरून एका बाजूस 20 सेंटिमीटरवर एक मेणबत्ती लावा. दुसऱ्या बाजूस 40 सेंटिमीटरवर तशाच चार मेणबत्त्या जवळजवळ लावा. डाग जवळपास नाहीसा होतो, कारण दोन्ही बाजूंचा उजेड सारखा होतो. अंतर दुप्पट झाले की उजेड एक चतुर्थांश होतो, हे मुलांना डोळ्यांनी दिसते. आता सेफीडकडे वळा. सारख्याच आवर्तकालाचे दोन सेफीड असतील आणि एक दुसऱ्याच्या शंभर पट मंद दिसत असेल, तर तो दहापट दूर आहे.

दोघेही थोडे बरोबर, थोडे चूक

26 एप्रिल 1920 रोजी वॉशिंग्टन येथे राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या सभेत हार्लो शॅपली आणि हीबर कर्टिस यांनी परस्परविरोधी मते मांडली. गोलाकार तारकागुच्छांची अंतरे मोजून शॅपली यांनी दाखवले होते की, सूर्य आकाशगंगेच्या मध्यभागी नाही. आकाशगंगेचा व्यास तीन लाख प्रकाशवर्षे आहे आणि सर्पिल तेजोमेघ तिच्यापुढे किरकोळ आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. कर्टिस यांच्या मते आकाशगंगा त्याच्या एक दशांश एवढीच, सूर्य तिच्या मध्याजवळ आणि सर्पिल तेजोमेघ मात्र स्वतंत्र दीर्घिका.

शॅपली यांची बाजू पोकळ नव्हती. 1885 साली देवयानीच्या तेजोमेघात एक तारा एकाएकी उजळला होता. तेजोमेघ फार दूर असेल, तर त्या ताऱ्याचे तेज अविश्वसनीय ठरत होते. अतिनवतारा ही कल्पना तेव्हा कोणाजवळ नव्हती. शिवाय व्हॅन मानेन या निरीक्षकाने सर्पिल मेघ फिरताना मोजल्याचे सांगितले होते. ते दूर असते तर त्यांच्या कडा प्रकाशापेक्षा वेगाने धावत आहेत असे मानावे लागले असते. पुढे ही मोजणीच चुकीची ठरली.

आज आपण आकाशगंगेचा व्यास सुमारे एक लाख प्रकाशवर्षे मानतो. सूर्याच्या जागेबाबत शॅपली बरोबर होते, दीर्घिकांबाबत कर्टिस. त्या संध्याकाळी निकाल लागला नाही. वक्तृत्वाने तो लागणारही नव्हता. मोजमाप हवे होते.

खोडलेले अक्षर

ते मोजमाप कॅलिफोर्नियातल्या माउंट विल्सन येथील 100 इंची दुर्बिणीने मिळाले. ऑक्टोबर 1923 मध्ये एडविन हबल यांना देवयानीच्या फोटोत तीन नवतारे आढळले. त्यांनी काचेवर प्रत्येकापाशी नवताऱ्याची खूण म्हणून 'एन' हे अक्षर लिहिले. जुन्या काचांशी ताडून पाहता त्यांतला एक तारा वारंवार उजळत व मंदावत असल्याचे दिसले. त्यांनी ते अक्षर खोडले आणि तो रूपविकारी असल्याचे उद्गारचिन्हासह लिहिले. तारा सेफीड निघाला, आवर्तकाल सुमारे 31 दिवस. इतका तेजस्वी तारा इतका मंद दिसतो, याचा अर्थ तेजोमेघ सुमारे नऊ लाख प्रकाशवर्षे दूर होता. शॅपली यांच्या विशाल आकाशगंगेच्याही तो कितीतरी बाहेर होता. फेब्रुवारी 1924 मध्ये हबल यांनी हे शॅपली यांना पत्राने कळवले. 1 जानेवारी 1925 रोजी त्यांचा निबंध वॉशिंग्टनमधील सभेत वाचला गेला आणि वाद संपला. लेव्हिट यांना हे पाहता आले नाही. डिसेंबर 1921 मध्ये त्यांचे निधन झाले होते.

परंतु आजच्या पुस्तकांत या दीर्घिकेचे अंतर सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दिलेले असते. मग हबल चुकले काय? दुसऱ्या महायुद्धात लॉस एंजेलिस शहराचे दिवे मंदावलेले असताना वॉल्टर बाडे यांनी माउंट विल्सनवरून देवयानीचे बारकाईने वेध घेतले. त्यातून उलगडा झाला की, सेफीड दोन प्रकारचे असतात आणि मोजपट्टी आखताना त्यांची सरमिसळ झाली होती. 1952 साली बाडे यांनी ही दुरुस्ती जाहीर केली आणि दीर्घिकांची अंतरे एकदम दुप्पट झाली. पुढे मोजणी आणखी सुधारत गेली. आकडा बदलला, पण रीत टिकली आणि देवयानी आकाशगंगेबाहेर आहे हा निष्कर्षही टिकला.

शिकवताना हाच फरक लक्षात ठेवावा. ज्या विद्यार्थ्याने केवळ आकडा पाठ केला, त्याच्या दृष्टीने आकड्यातली दुरुस्ती म्हणजे विज्ञानाचा पराभव. ज्याने तेलाच्या डागाचा प्रयोग केला, त्याला दुरुस्ती कोठे व का झाली हे समजू शकते. म्हणून चाचणीत 'देवयानीचे अंतर लिहा' या प्रश्नाबरोबर आणखी एक प्रश्न घालावा: 'सेफीड ताऱ्याचे मूळ तेज चौपट निघाले, तर त्याचे अंतर कितीपट होईल?' उत्तर एका शब्दाचे आहे. ते कारणासह लिहिणाऱ्या मुलाला विश्वाचा पाठ समजला आहे, असे खुशाल मानावे.