प्रतिसरकारातील स्त्रिया आणि गुप्ततेचा नियम

साताऱ्याच्या प्रतिसरकारविषयी लिहिताना पत्री ठोकल्याच्या कथा हमखास येतात. त्या चळवळीत माणूस आत कसा घेतला जाई, हा प्रश्न मात्र बहुधा मागे पडतो. १९४३ ते १९४६ या काळात जुन्या सातारा जिल्ह्यात (आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भाग तेव्हा त्यातच होता) क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली न्यायमंडळे चालली आणि कुंडलच्या परिसरात तुफान सेना उभी राहिली. अशा संघटनेत प्रवेशासाठी अर्ज नव्हता. तोंड मिटून राहता येणे हीच पहिली पात्रता होती.

दुसरी पात्रता वर्तनाची. सावकारी, दारू आणि स्त्रियांवरील अत्याचार यांबद्दल गावाला शिक्षा करणाऱ्यांचे स्वतःचे वर्तन संशयातीत असणे भागच होते. पुरुष कार्यकर्त्याला हे दोन्ही नियम एकत्र पाळता येत. स्त्रीच्या बाबतीत मात्र ते एकमेकांवर आदळत. रात्री घराबाहेर राहिलेल्या बाईने कारण सांगितले तर गुप्तता गेली, न सांगितले तर गावाच्या लेखी शील गेले. घर सोडून चळवळीत आलेल्या इंदुताई पाटणकरांसारख्या तरुणींनी पत्करलेली जोखीम केवळ पोलिसांची नव्हती, ती याही अर्थाने समजून घ्यायला हवी.

नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील (१९२६–२०२१) यांच्या हकिकती या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोग्या आहेत. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी एका सहकाऱ्यासह नवरा-बायकोच्या भांडणाचे सोंग केले, मार खाल्ला, आणि पोलीस त्यात गुंतले असताना इतरांनी शस्त्रे पळवली. १९४४ मध्ये पोर्तुगीज गोव्यात अटकेत असलेल्या बाळ जोशींना त्या बहीण म्हणून तुरुंगात भेटल्या. सुटकेच्या बेताची चिठ्ठी अंबाड्यात होती. मार खाणारी बायको, भावासाठी आलेली बहीण: समाजाला या भूमिका इतक्या ओळखीच्या होत्या की त्यांच्याकडे कोणी निरखून पाहिलेच नाही. (आपल्या नाट्यसमीक्षेने या प्रयोगांची दखल घेतलेली नाही, हे जाता जाता नोंदवतो.)

हौसाताईंचे नाव उरले. पत्रास जयगोपाळसारख्या मोघम निरोपांतून बातमी पोहोचवणाऱ्या, भूमिगतांना रात्री भाकरी देणाऱ्या बायकांचे काय? केंद्र सरकारची स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजना १९७२ मध्ये सुरू झाली. तिच्यात तुरुंगवासाची अट होती. स्त्रियांसाठी तिची मुदत कमी, तीन महिन्यांची. भूमिगतांसाठी फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, पकडण्यासाठी बक्षीस लागल्याचा किंवा न बजावलेल्या स्थानबद्धतेच्या हुकुमाचा पुरावा मागितला जाई. म्हणजे पात्र ठरायला इंग्रज सरकारला तुमचे नाव ठाऊक असायला हवे होते. जिने गुप्ततेचा नियम शेवटपर्यंत निर्दोष पाळला, तिचे नाव त्या दप्तरात येणार कोठून?