स्टोरीवीव्हर
स्टोरीवीव्हर : बालकथांचे मुक्त डिजिटल व्यासपीठ. बंगळुरूच्या प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशनसंस्थेने ते २०१५ साली सुरू केले. येथील कथा मोफत वाचता, उतरवून घेता व छापताही येतात. तथापि मोफत असण्यापेक्षा मुक्त असणे अधिक मोलाचे आहे. बहुतांश कथांना क्रिएटिव्ह कॉमन्सचा ‘सीसी बाय ४.०’ परवाना आहे. त्यामुळे मूळ लेखक-चित्रकारांचा नामनिर्देश केला, की वेगळी परवानगी न मागता कोणालाही कथेचे भाषांतर वा रूपांतर करता येते. चित्रे तीच राहतात, मजकूर बदलतो. चित्रांचा खर्च पुन्हा करावा लागत नाही, म्हणून बाजारपेठ नसलेल्या भाषेतही मुलांसाठी सचित्र पुस्तक निघू शकते. गडचिरोलीसह मध्य भारतात बोलल्या जाणाऱ्या गोंडीत लहानांसाठी छापील वाचन फारच तुटपुंजे. तिच्यातही येथे कथा आल्या आहेत. मराठी कथांचा साठा अर्थातच मोठा आहे.

वाचनक्षमतेनुसार कथांचे चार स्तर केलेले आहेत. एकदा उतरवलेली कथा इंटरनेटविना उघडते. वस्तीत एकाच घरी स्मार्टफोन असला, तरी भोवती पाच-सहा मुले बसून वाचू शकतात. अशा वेळी वाचून दाखवणारे मोठे माणूस मात्र जवळ हवेच. भाषांतर कोणीही करू शकत असल्याने दर्जा समान राहत नाही. क्रियापदे अवघडलेली, संवाद पुस्तकी, अशा कथाही आढळतात. शिक्षकाने किंवा ग्रंथपालाने कथा आधी मोठ्याने वाचून पाहावी आणि खटकेल तेथे आपल्या बोलीत सुधारून घ्यावी. परवाना त्याला पूर्ण मुभा देतो.