आखातात सेकंड हँड गाडी घेताना: मुलकिया, चेसिस नंबर आणि खिशाचा हिशेब

खेड, मंडणगड, महाड, म्हसळा, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या आपल्या घरांतून कोणी ना कोणी आखातात असतोच. दुबईत कामाला लागलेला मुलगा घरभाडे परवडत नाही म्हणून शारजाह किंवा अजमानला राहतो आणि वर्षभरातच घरी फोनवर सांगतो, "अम्मी, गाडी घेतोय, जुनीच." इकडे सगळे खूश होतात. पण त्या गाडीत जाणारे पंधरा-वीस हजार दिरहम म्हणजे घरी येणारे कित्येक महिन्यांचे पैसे असतात. बहिणीची फी, छपराची दुरुस्ती, अब्बांचे औषधपाणी, सगळे त्यातच. म्हणून ही माहिती तिकडे असणाऱ्यांसाठी आहे, तशीच इकडून हो म्हणणाऱ्यांसाठीही. नियम संयुक्त अरब अमिरातीचे आहेत. सौदी, कतार, कुवेतमध्ये कागदपत्रे वेगळी असतात, पण गाडी पारखायची रीत तीच.

आधी लायसन्स. भारतातले लायसन्स रेसिडेन्स व्हिसावर चालत नाही. तिथली परीक्षा पास झाल्याशिवाय गाडी बघायलासुद्धा जाऊ नये, कारण दारात उभी राहिलेली गाडी उन्हात सडते आणि विम्याचे पैसे मात्र चालू राहतात.

किंमत म्हणजे खर्च नव्हे

हा गणिताचा तास समजा. शारजाहहून दुबईला जाऊन-येऊन रोज ६० किलोमीटर आणि महिन्याचे २६ दिवस काम, म्हणजे महिन्याला १,५६० किलोमीटर, वर्षाला जवळपास १९ हजार. त्यात दुबईचा टोल, म्हणजे सालिक. ३१ जानेवारी २०२५ पासून गर्दीच्या वेळी एका गेटला ६ दिरहम आणि इतर वेळी ४ दिरहम लागतात. रात्री १ ते सकाळी ६ फुकट. अल इत्तिहाद रोडवरचे अल ममझारचे एकच गेट गर्दीत जाता-येता ओलांडले तरी दिवसाला १२ आणि महिन्याला ३१२ दिरहम झाले. पेट्रोल, पार्किंग, विमा, वार्षिक पासिंग आणि रजिस्ट्रेशन हे सगळे वेगळे. हा आकडा बस-मेट्रोच्या खर्चाशेजारी लिहून बघा. काही जणांचा निर्णय इथेच बदलतो, आणि बदलला तर वाईट नाही.

गाडीसाठी २० हजार दिरहम बाजूला ठेवले असतील तर गाडी १७ हजारांपर्यंतचीच शोधा. उरलेले तीन हजार पहिल्या दोन महिन्यांत जातातच. टायर, बॅटरी, ब्रेक पॅड, ऑइल, एसीचे काम, काहीतरी निघते. तिथल्या उष्णतेत बॅटरी दोन-अडीच वर्षांपुढे क्वचित टिकते.

कोणती गाडी

टोयोटा कोरोला, यारिस, कॅमरी, होंडा सिविक किंवा सिटी. सगळे हेच सुचवतात आणि त्यामागे कारण आहे. पार्ट प्रत्येक गल्लीत मिळतात, प्रत्येक गॅरेजवाल्याला इंजिन पाठ असते आणि विकताना गिऱ्हाईक लगेच सापडते. निसान सनी स्वस्त मिळते, पण तिच्या सीव्हीटी गिअरबॉक्सची खात्री केल्याशिवाय हात लावू नका. तो गेला तर दुरुस्तीत गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा जातो. कोरोलाच्या भावात दहा-बारा वर्षांची जर्मन गाडी मिळते तेव्हा तरुण पोरांना मोह होतो. ती स्वस्त असते, कारण पहिल्या मालकाला तिची दुरुस्ती परवडेनाशी झालेली असते.

जाहिरातीत 'जीसीसी' लिहिले आहे का ते पाहा. आखातासाठी बनलेल्या गाडीचा रेडिएटर आणि एसी तिथल्या उन्हाच्या हिशेबाने दिलेला असतो. 'अमेरिकन स्पेसिफिकेशन' असेल तर सावध राहा. अमेरिकेत अपघातात किंवा पुरात मोडलेल्या, विमा कंपन्यांनी लिलावात काढलेल्या गाड्या मोठ्या संख्येने तिथे आणून दुरुस्त केल्या जातात. अशी प्रत्येक गाडी वाईट असते असे नाही. पण बऱ्याच विमा कंपन्या तिला फक्त थर्ड पार्टी विमा देतात आणि पुढे विकताना भाव पडतो.

चेसिस नंबर हीच गाडीची ओळख

मुलकिया म्हणजे गाडीचे रजिस्ट्रेशन कार्ड. त्यावर १७ अक्षरी चेसिस नंबर असतो. तोच नंबर समोरच्या काचेखाली डॅशबोर्डवर आणि दाराच्या चौकटीवरही जुळला पाहिजे. पहिले अक्षर गाडी कुठे बनली ते सांगते. 'जे' म्हणजे जपान, 'के' म्हणजे कोरिया, 'डब्ल्यू' म्हणजे जर्मनी, तर १, ४ किंवा ५ म्हणजे अमेरिका.

हा नंबर घेऊन तीन कामे करा. गृहमंत्रालयाच्या एमिरेट्स व्हेइकल गेट या सेवेवर अपघाताची नोंद बघा. गाडी अमेरिकेतून आलेली असेल तर कारफॅक्सचा रिपोर्ट काढा. त्याला थोडे पैसे पडतात, पण तिथला इतिहास अपघात-पुरासकट कळतो. आणि कंपनीच्या अधिकृत एजन्सीकडे सर्व्हिसची नोंद विचारा. मीटर मागे फिरवला असेल तर तो इथेच पकडला जातो. मीटरवर ८० हजार आणि तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला १ लाख ४० हजार असे निघाले तर पुढे बोलायचेच नाही. नोंद नसेल तर पेडलचे रबर, स्टेअरिंगचे कातडे आणि ड्रायव्हरच्या सीटची कड बघा. मीटर फिरवणारा या गोष्टी सहसा बदलत नाही.

पुराच्या गाड्या

१६ एप्रिल २०२४ रोजी अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर पडला. दुबई-शारजाहमध्ये गाड्या बोनेटपर्यंत पाण्यात होत्या. त्यांतल्या कित्येक सुकवून, धुऊन, सेंट मारून पुन्हा बाजारात आल्या. चिपळूण-महाडच्या माणसाला पुराच्या चिखलाची ओळख वेगळी करून द्यायला नको. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, खालच्या भागात मातीची रेघ असते. डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का बघा. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, दिव्यांच्या आत वाफ आणि काचा बंद करून एसी लावल्यावर येणारा कोंदट वास, यातले एक जरी आढळले तरी परत या. पाणी शिरलेल्या गाडीचे वायरिंग लगेच बिघडत नाही. सहा महिन्यांनी बिघडते, तेव्हा विकणारा फोन उचलत नाही.

बघायला कधी जायचे

दोनदा जा. एकदा सकाळी, आणि मालकाला आधीच सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. बोनेट गरम लागले तर समजा की थंड इंजिनाचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता. दुसऱ्यांदा दुपारी जा. एसी पूर्ण चालू ठेवून गाडी पंधरा मिनिटे जागेवरच उभी करा. हवा थंडच राहिली आणि तापमानाचा काटा हलला नाही तर ठीक. मग रिव्हर्समधून ड्राइव्हमध्ये टाकताना धक्का बसतो का ते बघा.

टायरवर चार आकडे असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३वा आठवडा. पाच वर्षांपुढचे टायर तिथे चालत नाहीत. खराब टायरला ५०० दिरहम दंड, ४ ब्लॅक पॉइंट आणि गाडी आठवडाभर जप्त होते.

यानंतर तस्जीलसारख्या सेंटरमध्ये पैसे भरून पूर्ण तपासणी करून घ्या. साधे पासिंग आणि ही तपासणी यांत फरक आहे. पासिंग गाडी रस्त्यावर चालायला योग्य आहे एवढेच सांगते, इंजिन-गिअरबॉक्स किती दिवस टिकेल ते नाही. विकणारा तपासणीला नको म्हणाला तर तोच तुमचा रिपोर्ट.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कोणाला आवडो न आवडो. आपल्यात गाडी बहुतेक ओळखीतून घेतली जाते. मामूचा दोस्त, जमातीतले कोणी, एकाच खोलीतला भाई. "आपलाच माणूस आहे, फसवणार नाही." तो फसवत नसेलही. पण त्याने ती तिसऱ्या हाताने घेतलेली असते आणि आधी काय झाले ते त्यालाही ठाऊक नसते. तपासणी करणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे नव्हे. उलट खराब निघाल्यावर दोन घरांचे जे बोलणे बंद होते ते टळते. शारजाहचे सूक अल हराज असो, दुबईच्या अल अवीरचा बाजार असो की ऑनलाइन जाहिरात, नियम सगळ्यांना सारखाच ठेवा.

पैसे आणि नाव

मुलकियावरचे नाव आणि विकणाऱ्याचा एमिरेट्स आयडी जुळत नसेल तर टोकनसुद्धा देऊ नका. मुलकियावर बँकेचे गहाण असेल तर कर्ज फेडल्याचे बँकेचे पत्र मिळेपर्यंत नाव बदलत नाही. अशा वेळी रक्कम मालकाच्या हातात न देता थेट बँकेत भरावी. गाडीवरचे दंड नावबदलाआधी फिटले पाहिजेत, ते नंबर टाकून अॅपवर दिसतात. नावबदलाआधी तुमच्या नावाचा विमा लागतो. तो साधारण १३ महिन्यांचा असतो. गाडी दहा वर्षांच्या पुढची असेल तर विम्याची चौकशी सौद्याच्या आधी करा.

कर्जाचे म्हणाल तर तिथल्या सेंट्रल बँकेच्या नियमाने गाडीच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळते, मुदत जास्तीत जास्त ६० महिने, आणि सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्यावर जाता येत नाहीत. व्याज टाळायचे असेल तर इस्लामी बँकांची मुराबहा आहे. बँक गाडी स्वतः विकत घेते आणि ठरलेला नफा धरून तुम्हाला हप्त्यांवर विकते. किंमत करारात पक्की असते. तरीही ती रोखीपेक्षा महागच पडते. जुन्या, स्वस्त गाडीसाठी मला खोलीतल्या आठ-दहा जणांची भिशी जास्त बरी वाटते. थोडे महिने थांबावे लागते इतकेच.

नोकरी सुटून व्हिसा रद्द होणार असेल तर गाडी आधी विका. घाईत विकणाऱ्याला भाव मिळत नाही, आणि कर्ज उरलेले असताना निघून गेले तर बँक कोर्टात जाते. गाडी गावी आणू, हा विचार मनातून काढा. भारतात आयात होणारी जुनी गाडी उजव्या हाताच्या स्टेअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली असावी लागते. अमिरातीतले स्टेअरिंग डावीकडे असते.