यंत्राचा दम कुठं गेला? तळवड्यातला एक छोटा इतिहास

आजचा विषय ऐकून मघाशी दोघे-तिघे हसले. इतिहासाच्या व्याख्यानात गवत कापायचं मशीन कशाला? सांगतो.

तळवड्याजवळच्या एका सोसायटीत पेट्रोलवर चालणारं एक जुनं मशीन होतं. बाग बघणारे मामा म्हणायचे, "सर, रिकामं फिरवलं की झकास चालतं. गवतात घातलं की दम टाकतं." कमिटीनं ठरवलं, भंगारात द्या आणि पुढच्या वर्षी बघू. मामांची अडचण अशी की त्याच मशीनवर ते शेजारच्या दोन बंगल्यांचं गवत कापायचे. मशीन गेलं की ती दोन कामं गेली. म्हणून कमिटीकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि मशीन तळवड्यातल्या एका मिस्त्रींकडे नेलं.

आता थोडं मागं जाऊ. हे यंत्र जन्मलं इंग्लंडमध्ये, स्ट्राउडजवळ, १८३० साली. एडविन बडिंग नावाच्या कारागिरानं कापड गिरणीत लोकरीची लव छाटणारं पातं बघितलं आणि तीच युक्ती गवताला लावली. पुढं मोठी यंत्रं घोडे ओढायचे. हिरवळीवर टापा उमटू नयेत म्हणून त्या घोड्यांना कातड्याचे बूट घालत! १९०२ च्या सुमारास रॅन्सम्स कंपनीनं पेट्रोल इंजिनाचं यंत्र विकायला काढलं.

आपल्याकडं गवत कापायचं ते गुरांसाठी, आणि विळ्यानं. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या सुरुवातीच्या उत्पादनांत कडबा कापायचं यंत्र होतं, हे ध्यानात घ्या. मग लोखंडी नांगर आला आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिकडं हिरवळ सुंदर दिसावी म्हणून पातं फिरलं, इकडं बैलाला वैरण मिळावी म्हणून. १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, खडकीत कारखाना आला आणि इंजिन हा शब्द शेतकऱ्याच्या घरात रुळला.

मग आपला हा पट्टा. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९६२ मध्ये एमआयडीसी, त्याच दशकात टेल्को, आकुर्डीला बजाज. मोठ्या कारखान्यांभोवती छोटी वर्कशॉप उगवली. तळवडे तेव्हा इंद्रायणीकाठचं, देहू-आळंदी रस्त्यावरचं गाव. महापालिकेत ते आलं १९९७ मध्ये. पण लेथ, बोअरिंग, ग्राइंडिंग येणारे हात त्याआधीच या परिसरात तयार झाले होते. १९७२ मध्ये चेतक स्कूटर आली आणि घराघरांत इंजिनाचं ज्ञान पोहोचलं. स्कूटर ओढत नाही? सायलेन्सर काढा, आगीत धरा, आतला कार्बन जाळा. सुरू होत नाही? एका बाजूला तिरकी करा आणि किक मारा. हे शिकवायला कुठलं कॉलेज नव्हतं.

आता मिस्त्रींकडं येऊ. त्यांनी पाना हातात घेतला नाही. आधी विचारलं, "मामा, हे कधीपासून? त्याच्या आधी काय केलं होतं?" मला गंमत वाटली. इतिहासाचा विद्यार्थी कागदपत्रांना हेच विचारतो की नाही? काय बदललं, केव्हा बदललं, आणि त्याआधी काय घडलं?

मामा म्हणाले, पावसाळ्यात पात्याखाली चिकटलेलं गवत खरवडायला मशीन तिरकं केलं होतं. "कुठल्या बाजूला?" "स्कूटरसारखं, हाताला येईल त्या बाजूला."

पहिला चोर सापडला. या मशीनमध्ये ऑइल खालच्या भागात साठलेलं असतं. एअर फिल्टरची बाजू खाली गेली की ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. कागदी फिल्टर तेलानं भिजला की हवा कमी येते, मिश्रणात पेट्रोल जास्त होतं आणि प्लग काळा पडतो. यांचा प्लग काजळीनं माखलेला निघाला. चेतकनं शिकवलेली सवय इथं नडली.

दुसरी खूण अशी की सुरुवातीला बरं चालायचं, पंधरा मिनिटांनी गरम झालं की ताकद जायची. मिस्त्रींनी प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडलं, प्लग परत लावला आणि दोरी हळू ओढली. जोर वाढला असता तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात असं समजायचं, कारण ऑइल तिथली फट तात्पुरती बुजवतं. जोर वाढला नाही. म्हणजे संशय व्हॉल्व्हवर.

फिलर गेज घातला तर धुराकडच्या व्हॉल्व्हला फटच उरली नव्हती. थंड इंजिनात ती मिलिमीटरच्या पाचव्या-सहाव्या भागाएवढी तरी लागते. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह आपल्या बैठकीत थोडा थोडा खाली बसत जातो आणि फट कमी होते. गरम झाल्यावर त्याची दांडी लांबते, व्हॉल्व्ह पुरता बंद होत नाही आणि दाब निसटतो. जुन्या इंजिनांत हा खड्डा पेट्रोलमधलं शिसं लांबणीवर टाकायचं. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं, ते आपल्या फुप्फुसांसाठी चांगलंच झालं. पण तेव्हापासून बैठक कडक धातूची असणं जास्त गरजेचं झालं.

तर काम किती? नवा फिल्टर, नवा प्लग, व्हॉल्व्हची फट बरोबर केली, पात्याला धार लावली. बोअरिंग नाही, नवा पिस्टन नाही. बोथट पातं गवत कापत नाही, फाडतं, आणि त्यात इंजिनाची ताकद फुकट जाते. हे सगळं करण्याआधी मिस्त्रींनी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवली होती. पात्याजवळ हात न्यायचा तर हे आधी, विसरू नका.

एक सूचना इंधनाची. २०२३ पासून वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल हवेतला ओलावा धरतं, आणि टाकीत महिनोन् महिने पडलेल्या पेट्रोलचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये बसतो. दिवाळीनंतर मशीन ठेवून द्यायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि उरलेलं पेट्रोल संपून बंद पडेपर्यंत चालू द्या.

सगळी ताकद परत येत नाही, हेही सांगायला हवं. आपण समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर राहतो. इथली विरळ हवा पाच-सहा टक्के ताकद नव्या मशीनचीही घेते. मिस्त्री मामांना म्हणाले, "म्हातारं झालंय, आता उंच गवत दोन वेळा करून कापायचं."

मामांनी ते ऐकलं. दोन्ही बंगल्यांची कामं टिकली. कमिटीच्या वहीत मात्र "मशीन दुरुस्त केले" एवढी एकच ओळ आहे. काय बिघडलं होतं, कसं शोधलं, याचा त्यात पत्ता नाही. या पट्ट्यातल्या कारखान्यांचे अहवाल छापले गेले, पण अशा हातांचं ज्ञान कुणी लिहून ठेवलेलं नाही. तुमच्या घरी, ओळखीत असं कुणी निवृत्त झालेलं असेल, तर एकदा शेजारी बसा आणि विचारा, "काका, तुम्ही आधी काय बघायचात?" आणि लिहून घ्या.

आता प्रश्न घेऊ.