कणगीचे मांजर आणि घरचे मांजर : भोर-वेल्हे परिसरातील एका पाळीव प्राण्याच्या स्थौल्याचा विचार

पाळीव मांजराचे फाजील वजन हा विषय इतिहासाच्या अभ्यासकाने हाती घ्यावा, हे प्रथमदर्शनी काहीसे विक्षिप्त वाटेल. तो पशुवैद्याचा प्रांत आहे, असा आक्षेपही येईल. परंतु प्राण्याच्या शरीरावर चढणारा मेद ही केवळ शरीरशास्त्राची बाब नसते. त्या प्राण्याकडून माणसाने कोणते काम घेतले, त्याला कोणते अन्न दिले आणि त्याला कोठे राहू दिले, या तीन गोष्टींचा तो परिणाम होय. आणि या तिन्ही गोष्टी इतिहासात बदलत आलेल्या आहेत. हा बदल ध्यानात न घेता मांजर बारीक करू पाहणारा मनुष्य बहुधा त्याची उपासमार करतो, व ती उपासमार मांजराच्या जिवावर बेतते. ते का, हे पुढे येईलच.

साधनांची अडचण आरंभीच सांगितली पाहिजे. आपल्याकडे पशुवैद्यकाची परंपरा समृद्ध आहे, पण ती राज्याच्या उपयोगाच्या जनावरांची आहे. अश्वांसाठी शालिहोत्राची परंपरा आहे. हत्तींसाठी पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ आहे, जो पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापून उपलब्ध केला. बाराव्या शतकातील ‘मानसोल्लासा’त हत्तीघोड्यांच्या जोपासनेचा सविस्तर विचार आहे. मांजरासाठी असा स्वतंत्र ग्रंथ कोणी रचला नाही. मांजर येते ते उंदराच्या अनुषंगाने. कौटिल्याने मूषकभयाची गणना राष्ट्रावरील दैवी आपत्तींत करून मांजरे व मुंगूस मोकळे सोडावेत असे सांगितले आहे, आणि त्यांना पकडणाऱ्यास वा मारणाऱ्यास बारा पणांचा दंड ठरविला आहे. येथे मांजर लाडका प्राणी नाही. तो कोठाराचा नोकर आहे, आणि नोकराला जसे राजसंरक्षण तसे त्यालाही.

आता भोर-वेल्ह्याकडे वळू. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरचा हा मावळी मुलूख. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंदी यांची खोरी. पाऊस भरपूर आणि मुख्य पीक भाताचे, त्याच्या जोडीला वरकस जमिनीत नाचणी-वरई. वर्षातून एकदा हाती येणारे भात पुढील हंगामापर्यंत पुरवावयाचे असल्याने घराघरांत शेणामातीने लिंपलेली कणगी असे, आणि जेथे कणगी तेथे उंदीर हा नियमच होता. जी गोष्ट घराची तीच गडाची. राजगड आणि तोरणा हे दोन्ही किल्ले याच टापूत आहेत, व पुढे ते पंतसचिवांच्या भोर संस्थानात होते. १६९७ मध्ये शंकराजी नारायणांपासून आरंभ झालेले हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. गडावरील अंबारखान्यात साठविलेल्या धान्यावर शिबंदीचे प्राण अवलंबून असत. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गडावरील घरांच्या जमिनी व भिंती अशा असाव्यात की उंदीर, विंचू, किडा-मुंगी यांना थारा मिळू नये, असा स्पष्ट निर्देश आहे. गड बांधणाऱ्यांना उंदराचे भय तोफेच्या भयाहून फार कमी वाटत नव्हते, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

याच संदर्भात राज्याभिषेकाच्या आगेमागे चिपळूण प्रांती छावणीस असलेल्या पागेच्या अंमलदारांस शिवाजी महाराजांनी पाठविलेले प्रसिद्ध पत्र पाहण्यासारखे आहे. रात्री दिवा जळत ठेवल्यास उंदीर पेटती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीस आग लागेल आणि घोडी मरतील, ही त्यातील सूचना सर्वांना ठाऊक असते. त्यावर योजिलेला उपाय दिवा विझविण्याचा आहे, मांजर पाळण्याचा नव्हे, हीही नोंद घ्यावी. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने पत्राचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. दाणा-वैरण आज हाती आहे म्हणून हवी तशी खर्चू नये, रोजचा शिधा मोजून द्यावा, नाहीतर भर पावसाळ्यात काहीच उरणार नाही आणि घोडी उपाशी मरतील, असा त्याचा आशय आहे. जनावरास प्रेमाने नव्हे तर मापाने खाऊ घालावे, हा विचार या भूमीत नवा नाही. तो मांजरापर्यंत कधी पोचला नाही, एवढेच.

न पोचण्याचे कारण उघड आहे. कणगीच्या मांजराला कोणी खाऊ घालीतच नसे. फार तर दूध काढताना वाटीभर दूध किंवा जेवणानंतर उरलासुरला भात त्याच्यापुढे टाकला जाई. बाकीचे त्याने मिळवावयाचे. दुधादह्याची मडकी आढ्यापासून शिंक्यात टांगण्याची पद्धत हा मांजराच्या अर्धपोटी राहण्याचा भौतिक पुरावाच मानावा लागेल. शिंके तुटले की बोक्याचे फावते ही म्हण त्यातूनच निघाली. दुसरीकडे मांजर मारणे हे महापातक, त्याच्या प्रायश्चित्तार्थ काशीस सोन्याचे मांजर दान करावे लागते, हा लोकसमज त्याला अभय देत असे. अभय होते, पण शिधा नव्हता. याच रानातील वाघाटी ही जगातील सर्वांत लहान रानमांजरांपैकी एक. तिचे वजन दीड किलोच्या आसपास वा त्याहून कमी भरते. घरचे मांजर तिच्याहून मोठे असले तरी कणगीच्या काळात त्याची काया तिच्याच जातीची, सडपातळ असावी, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

मांजराच्या या नोकरीला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळाली ती प्लेगच्या साथीत. १८९६ मध्ये मुंबईत व लगोलग पुणे भागात साथ पसरली. १८९८ मध्ये सिमाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत उंदरावरील पिसवांचा संबंध दाखविला. त्यानंतर भारतीय वैद्यक सेवेतील अँड्र्यू बुखॅनन या अधिकाऱ्याने आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडातील अनुभवावरून, जेथे मांजरे पुष्कळ तेथे प्लेग कमी, असे प्रतिपादन केले. त्याचा लेख १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. आज हा सिद्धांत जसाच्या तसा स्वीकारता येत नाही, कारण मांजरालाही प्लेग होतो आणि ते तो माणसाला देऊ शकते. तथापि सरकारी वैद्याने मांजराच्या बाजूने उभे राहण्याचा असा प्रसंग आपल्या इतिहासात विरळाच.

विसाव्या शतकात ही नोकरी हळूहळू संपली. कणगीची जागा पत्र्याच्या कोठीने घेतली, उंदरांसाठी विषारी औषधे आली, भातगिरण्या निघाल्या. १९२७ मध्ये पुऱ्या झालेल्या भाटघर धरणाने वेळवंडीच्या खोऱ्याचे रूप पालटले, आणि या खोऱ्यांतील माणसे मुंबई-पुण्याकडे कामधंद्यास जाऊ लागली. मांजर त्यांच्यामागून शहरी खोल्यांत शिरले आणि तेथे ते प्रथमच खऱ्या अर्थाने पाळीव झाले. दार बंद, उंदीर नाही, ताटली सदैव भरलेली. त्यात नसबंदीची भर पडली. ती आवश्यकच आहे, पण तिच्यामुळे ऊर्जेची गरज सुमारे पाव हिश्श्याने घटते आणि भूक मात्र वाढते. गेल्या काही दशकांत बाजारी कोरडे खाद्य आल्यावर शिंक्याचा प्रश्नच उरला नाही.

अशा मांजराचे वजन उतरविताना मराठी घराला प्रथम सुचतो तो उपवास. आपल्या संस्कृतीत लंघन हे परम औषध मानले गेले आहे, आणि माणसाच्या बाबतीत त्याला काही आधारही आहे. पण मांजर हे निसर्गतः मांसाहारी. त्याच्या शरीराला प्रथिने अखंड लागतात. स्थूल मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडले तरी शरीरातील मेद एकाएकी यकृताकडे धावतो, यकृत तो पचवू शकत नाही, कावीळ होते आणि उपचार न झाल्यास मांजर दगावते. या विकाराचे वर्णन पशुवैद्यकीय वाङ्मयात १९७७ पासून आढळते. म्हणजे जे मांजर जितके लठ्ठ, त्याला उपवास तितका घातक. येथे चरकाचे स्मरण होते. ‘अष्टौनिन्दितीय’ अध्यायात अतिस्थूलाची चिकित्सा अतिकृशाहून कठीण सांगून त्याने निव्वळ उपाशी ठेवण्याऐवजी पचण्यास जड परंतु पुष्टी न देणारा आहार योजावा असे म्हटले आहे. तो विचार माणसाचा आहे, मांजरास शब्दशः लावता येणार नाही. तरी पोट भरलेले राहावे आणि शरीराने उतरावे, ही दिशा आजच्या पशुवैद्यकाशी जुळते, हे नोंदविण्यासारखे आहे.

प्रत्यक्ष हिशेब असा. समजा मांजर ६ किलोचे आहे आणि त्याचे योग्य वजन ४ किलो आहे. योग्य वजनाचा पाऊण घात घेऊन त्याला ७० ने गुणले असता विश्रांतीच्या ऊर्जेचा आकडा येतो. येथे तो सुमारे १९८ किलोकॅलरी. आरंभी त्याचा आठ-दशांश हिस्सा, म्हणजे सुमारे १६० किलोकॅलरी, रोज देतात. एका उंदरात अदमासे ३० किलोकॅलरी असतात. तेव्हा हा शिधा पाच उंदरांचा झाला. याउलट म्हशीच्या १०० मिलीलिटर दुधातच जवळजवळ १०० किलोकॅलरी जातात. ज्या वाटीने कणगीचे मांजर जगले, तीच वाटी घरच्या मांजराच्या शिध्याचा अर्ध्याहून अधिक भाग खाऊन टाकते, आणि प्रौढ मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचतही नाही. दूधभातावर मांजर राखण्याचा आग्रह त्यामुळे सोडावाच लागतो. शिवाय भातात टॉरीन हे द्रव्य नाही. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते हे १९७५ मध्ये व हृदय दुबळे होते हे १९८७ मध्ये सिद्ध झाले. शिधा कमी करताना प्रथिने कमी होता कामा नयेत, नाहीतर मेदाऐवजी स्नायू झडतात. या कारणाने नेहमीचेच खाद्य निम्मे करण्यापेक्षा वजन उतरविण्यासाठी बनविलेले संपूर्ण खाद्य पशुवैद्याच्या सल्ल्याने देणे बरे, आणि तेही आठ-दहा दिवसांत जुन्या खाद्यात थोडेथोडे मिसळीत.

वजन आठवड्यास अर्धा ते दोन टक्के उतरावे, अधिक नव्हे. सहा किलोच्या मांजरास एक टक्का म्हणजे ६० ग्रॅम. ८० तोळ्यांच्या शेराच्या जुन्या मापाने जवळजवळ एक छटाक. या गतीने दोन किलो उतरावयास आठ महिने किंवा थोडे अधिक लागतात. मांजरास घेऊन काट्यावर उभे राहावे व आपले वजन वजा करावे, ही रीत कामचलाऊ आहे. छटाकाचा फरक तीत हरवतो. त्यासाठी तान्ह्या मुलांचा काटा बरा. हाताखाली फासळ्या लागतात का, वरून पाहता कंबर दिसते का, ही तपासणी काट्याइतकीच विश्वसनीय ठरली आहे. १९९७ पासून तिची नऊ अंकांची श्रेणी प्रचारात आहे. शिधा दिवसातून चार-पाच वेळा विभागून द्यावा, काही दाणे लपवून ठेवावेत, दोरीच्या टोकाला पीस बांधून मांजरास धावावयास लावावे. उंदराने जे काम घेतले असते ते माणसाने घ्यावयाचे, इतकाच याचा अर्थ. मांजराने चोवीस तास तोंडाला अन्न लावले नाही तर मात्र पथ्य बाजूस ठेवून त्याला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

शहरातील बंद खोलीत हे साधते. भोर-वेल्ह्याच्या एखाद्या वाडीत ते अधिक कठीण आहे, कारण तेथील मांजर अजूनही एका घरचे नसते. सकाळी एका ओसरीवर दूध, दुपारी शेजारी सुक्या मासळीचे डोके, संध्याकाळी तिसरीकडे भात. प्रत्येक घर आपण थोडेच घातले असे प्रामाणिकपणे सांगते आणि ते खरेही असते. तेव्हा शिध्याचा हिशेब मांडावयाचा तो चारही ओसऱ्यांवर मिळून मांडावा लागतो.